सुकतीचा कोन

आमच्या गाडीला गोव्यातल्या मये गावात कुणी फोक्सवॅगन म्हणत नाही. तिचं नाव उंडो, म्हणजे गोल पाव. मामांनी ती आणली तेव्हा रंग भाजल्या पावासारखा होता आणि चारही कोपरे गोल, म्हणून कुणीतरी उंडो म्हटलं आणि ते चिकटलं. आता वरून पांढरा आणि खालून हिरवा रंग आहे, तरी नाव तेच.

गाडी म्हणजे 1973 ची व्हॅन, इंग्लंडहून रस्त्याने आलेली. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून अशा कितीतरी गाड्या त्या काळी हणजूणच्या माडांखाली येऊन थांबल्या. 1979 साली इराणात क्रांती झाली, वर्ष सरता सरता रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तो रस्ताच बंद झाला. माणसं विमानाने परतली, गाड्या राहिल्या. आमची कस्टमच्या ताब्यात गेली आणि तिथून लिलावात मामांकडे आली. स्टिअरिंग उजवीकडे, कारण मूळ गाडी इंग्रजांची, आणि स्पीडोमीटर मैलांचा. मामांनी पंधरा वर्षं तिच्यातून नारळ, सुपारी आणि केळ्यांचे घड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला नेले. 1584 सीसीचं इंजिन, तेही मागे, आणि ताकद 50 घोड्यांची. घाट चढताना मामा स्वतः पुढे वाकायचे, जणू त्याने काही फरक पडत होता.

मी हायस्कुलात गणित शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जी फजिती झाली ती गणिताचीच होती.

गाडीची उंची कमी करून ती खाली का आणायची, याचं खरं उत्तर हौस. बुटकी, रस्त्याला चिकटून चालणारी अशी गाडी एकदा एका फोटोत पाहिली आणि ती डोक्यातून जाईना. लोकांना सांगायला दुसरी कारणं होती, आणि तीही खोटी नव्हती. ही गाडी म्हणजे चाकांवरचं कपाट. मांडवीच्या पुलावर आडवा वारा लागला की स्टिअरिंग घट्ट धरून बसावं लागतं. शिवाय इतकी वर्षं नारळ वाहून मागची बाजू पुढच्यापेक्षा 15 मिलिमीटर बसली होती, त्यामुळे गाडी नेहमी नाक वर करून चाललेली दिसे. काहीतरी करायचंच होतं.

डिचोलीला एक मेस्त आहेत. त्यांची सगळी हयात खाणीवरच्या टिपर ट्रकांचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलण्यात गेली. 2012 साली खाणी बंद पडल्या, मग थोड्याफार सुरू झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा सगळं ठप्प झालं. तेव्हापासून मेस्तांकडे वेळ असतो. मी गाडी नेली, मनातलं सांगितलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं, उठले, हात पुसले आणि म्हणाले, ‘मास्तर, गाडी सकयल हाडून कितें मेळटलें?’

गाडी खाली आणून काय मिळणार, याचं मला उत्तर देता आलं नाही. तेच पुढे म्हणाले, ‘दोन पाटे काडून उडय, काम जालें.’

टिपरला ते चालतं. इथे पाटेच वेगळे आहेत, हे त्यांना दाखवण्यात पहिली संध्याकाळ गेली. ज्यांना या गाडीची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिला कॉइल स्प्रिंग कुठेच नाही. त्यामुळे ग्राइंडर घेऊन आलेल्या पोरांच्या ‘सर, स्प्रिंग कापूया’ या सूचनेला अर्थ नव्हता. पुढे दोन आडव्या नळ्या आहेत, एकीवर एक. प्रत्येक नळीत पोलादाच्या पट्ट्यांची जुडी आहे, मधोमध घट्ट पकडलेली. चाक वर गेलं की ती जुडी पिळली जाते, आणि तो पीळ म्हणजेच स्प्रिंग. मागे प्रत्येक चाकाला एक गोल पोलादी दांडा, टॉर्शन बार. त्याचं आतलं टोक गाडीच्या मध्यात घट्ट बसवलेलं, बाहेरच्या टोकावर एक चपटी पोलादी पट्टी, आणि त्या पट्टीच्या शेवटी चाक. ओलं धोतर पिळताना हाताला जो ताण जाणवतो, त्याच ताणावर गाडीचा सगळा भार उभा. फर्डिनांड पोर्शे यांनी 1931 साली या युक्तीचं पेटंट घेतलं आणि फोक्सवॅगनने ती पुढे कितीतरी दशकं वापरली.

मेस्तांनी पुढच्या नळीवर पान्याने टकटक केलं आणि म्हणाले, हे तर पाटेच, फक्त नळीत लपवलेले. बरोबरच होतं. त्यांच्या भाषेत आम्ही पुढेही त्यांना पाटेच म्हणत राहिलो.

पुढची बाजू खाली आणायचे तीन मार्ग होते. पट्ट्या काढणं हा पहिला. त्याने गाडी खाली येते खरी, पण मऊही होते, आणि प्रत्येक खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर आपटते. डिचोलीच्या रस्त्यांवर हे करणं म्हणजे मणक्याशी वैर. दुसरा मार्ग म्हणजे नळ्या मधोमध कापून, पट्ट्यांची पकड थोडी फिरवून, दात्यांचे अ‍ॅडजस्टर वेल्ड करणं. परदेशात बरेच लोक तसं करतात आणि मग हवी तितकी उंची ठेवता येते. मला कापाकापी नको होती. त्याला एक कारण कायद्याचंही होतं. 2021 साली केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावं लागतं. आमची गाडी 2023 मध्ये पन्नाशीत आली. ती नोंदणी मी घेतलेली नाही, कारण मग रोज रस्त्यावर गाडी चालवता येत नाही आणि मला तर ती शाळेत न्यायची असते. पण उद्या कुणाला घ्यावीशी वाटली तर नळी कापलेली सापडू नये, एवढं मनात होतं.

तिसरा मार्ग वेगळ्या स्पिंडलचा. चाक ज्या खुंटावर फिरतं तो खुंटच मूळ जागेपेक्षा अडीच इंच वर बसवलेला असतो. चाक वर गेलं म्हणजे गाडी खाली आली. पट्ट्या तशाच, त्यांचा पीळ तसाच, गाडीचा मऊपणा तसाच. आणि नको झालं तर जुने स्पिंडल परत लावता येतात. मी ते इंग्लंडहून मागवले. जड लोखंड विमानाने येतं तेव्हा वाहतूक आणि कस्टम मिळून मालाच्या किमतीच्या बरोबरीला येतात, हे बिल मी बायकोला अजून दाखवलेलं नाही. हे वाचून तिला कळेल.

काम सुरू केलं ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. मेस्तांच्या शेडमध्ये तेव्हा वाड्यावरच्या पोरांचा, दिवाळीत जाळायचा नरकासुर तयार होत होता. सांगाडा वेल्डिंगचा, त्यामुळे वेल्डिंग मशीनवर त्यांचा हक्क आधी. एका बाजूला दहा फुटी नरकासुराचे लोखंडी पाय, दुसऱ्या बाजूला घोड्यांवर चढवलेली आमची गाडी, आणि मधे मेस्त चहा पीत बसलेले.

पुढचं काम कागदावर सोपं. चाक काढा, ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वर टांगा म्हणजे त्याच्या पायपावर ताण येणार नाही, टाय रॉड सोडवा, वरखालचे बॉल जॉइंट सोडवा, जुना स्पिंडल बाहेर, नवा आत. खालच्या आर्मखाली जॅक ठेवायला मात्र विसरायचं नाही, कारण पिळलेल्या पट्ट्या आर्मला खाली रेटत असतात. प्रत्यक्षात एका बॉल जॉइंटने दोन दिवस घेतले. खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचे बोल्ट म्हणजे बोल्ट नव्हेतच, ते मूळच्या लोखंडाचाच भाग होऊन बसलेले असतात. रोज संध्याकाळी त्यांच्यावर डिझेल सोडायचं आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करायचा. शेवटी मेस्तांनी दोन हातोडे घेतले, एक मला दिला. ज्या डोळ्यात बॉल जॉइंटचा निमुळता दांडा अडकला होता त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकाच वेळी घाव घालायचे. तिसऱ्या घावाला ‘टक्’ असा आवाज झाला आणि दांडा सुटला. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात एवढा समाधानकारक आवाज मी ऐकलेला नाही.

एक बारीक गोष्ट लिहून ठेवतो, कारण तिने माझी एक संध्याकाळ खाल्ली. वरच्या बॉल जॉइंटला एक विकेंद्री बुश असतो, मधलं भोक जरा एका बाजूला सरकलेलं. तो फिरवून चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत झुकलंय की बाहेर, ते जुळवतात. त्यावर एक खाच असते आणि सुरुवातीला ती पुढच्या दिशेला ठेवायची असते. मी एका बाजूला मागे ठेवली होती. चाक लावून लांबून पाहिलं तर उंडो फेंगडा उभा.

आणि स्पीडोमीटरची केबल. या गाडीत ती पुढच्या एका चाकाच्या मधून, स्पिंडलच्या पोकळीतून येते आणि बाहेरच्या टोपीला एका छोट्या क्लिपने अडकवलेली असते. ती क्लिप मी विसरलो. पुढचे चार दिवस गाडी शून्य मैल वेगाने शाळेत जात होती.

पुढची बाजू 63 मिलिमीटर खाली आली. आता नाक वर नव्हतं, उलट खाली गेलं होतं, आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून उभी होती. दिसायला वाईट नव्हती, पण चालवायला नको वाटे. स्टिअरिंग सरळ ठेवलं तरी गाडी सरळ जाईना, सारखी डावी-उजवीकडे हुंगत चालली. कारण कळायला वेळ लागला नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2400 मिलिमीटर. पुढचं टोक 63 मिलिमीटर खाली गेलं की सगळी गाडी दीड अंशाने पुढे कलते, आणि तिच्याबरोबर पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, तोही दीड अंशाने कमी होतो. सायकलचा पुढचा दांडा मागे झुकलेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. तो दांडा उभा केला तर काय होईल, तेच उंडोचं झालं होतं. मागची बाजू खाली आणणं आता हौसेचं राहिलं नाही, गरजेचं झालं.

दिवाळीत शेड बंद. नरकासुराची मिरवणूक निघाली तेव्हा पोरांनी त्याच्या छातीवर हिरवी-पांढरी पट्टी रंगवली होती, आमच्या गाडीसारखी. मामा म्हणाले, बघ, लोकांना कळलंय कोणाला जाळायचं ते.

मामांना हे सगळं पटलं नव्हतं हे सांगायचं राहिलं. ते विरोध करत नसत, नुसते येऊन बसत. ‘काय करायचं ते कर,’ म्हणाले, ‘पण रायबंदरच्या फेरीवर चढली पाहिजे.’

मयेहून पणजीला जायचे रस्ते दोन. एक डिचोलीवरून मोठा फेरा घालून. दुसरा चोडणातून, बेटाच्या टोकाला जाऊन, सलीम अली पक्षी अभयारण्याच्या खारफुटीशेजारून फेरीबोटीने रायबंदरला. मामा जन्मभर दुसऱ्याच रस्त्याने गेले. त्यामुळे त्यांची अट म्हणजे गाडीचं मूळ कर्तव्यच. आणि फेरीची मेख सुकतीत, म्हणजे ओहोटीत आहे. भरतीला बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार जवळजवळ एका रेषेत असतात. सुकतीला बोट खाली बसते, आणि बोटीतून बाहेर पडणाऱ्या गाडीला सपाटीवरून एकदम चढाला लागावं लागतं. पुढची चाकं चढावर, मागची अजून सांध्याशी, आणि इंजिनाखालचा मफलर चाकांच्या मागे मीटरभर लोंबत असलेला. जमीन कुठे लागेल तर तिथे.

गणिताच्या मास्तराला याहून चांगला प्रश्न काय मिळणार? पौर्णिमेच्या आसपासची सुकती गाठून एका दुपारी मी धक्क्यावर गेलो. बरोबर शाळेतला मोठा लाकडी कोनमापक, ओळंबा आणि एक सरळ फळी. फेरीवरचे लोक बघत होते. एकाने विचारलं, पूल बांधणार काय? बोटीची फळी आणि धक्का यांच्यातला कोन मी तीनदा मोजला. 11 अंश.

मग गाडी मोजली. मफलरचं सर्वांत खालचं टोक मागच्या चाकाच्या मागे 95 सेंटिमीटर, जमिनीपासून 27 सेंटिमीटर. मागची बाजू 6 सेंटिमीटर खाली आणायची होती. 27 मधून 6 गेले, उरले 21. 21 भागिले 95, कोन साडेबारा अंश. धक्क्याचे 11. दीड अंश शिल्लक. वहीत चौकट करून उत्तर लिहिलं, खाली रेघ मारली.

आता मागचं काम. त्याचा तपशील देतो, कारण या कामात नीट काळजी घेतली नाही तर माणसाचे दात पडतात. तेवढं वाचून कुणी थांबला तरी चालेल.

टॉर्शन बारच्या दोन्ही टोकांना बारीक उभे दाते असतात. आतल्या टोकाला 40, बाहेरच्या टोकाला 44. म्हणजे आतला एक दाता सरकवला तर 9 अंश, बाहेरचा एक सरकवला तर 8 अंश आणि साधारण 11 मिनिटं. चाकाकडे जाणारी चपटी पट्टी बाहेरच्या टोकावर बसते. ती बाहेरच्या दात्यांवर एक घर फिरवून बसवली की, आमच्या गाडीवर मोजलेल्या लांबीप्रमाणे, चाक सुमारे 60 मिलिमीटर वर जातं. नेमके हवे तेवढे. एका दात्याचं काम.

पट्टी काढायची तर आधी चाक, शॉकअब, मग पट्टी आणि मागचा तिरका आर्म जिथे बोल्टने जोडले आहेत तिथे छिन्नीने खूण, मगच बोल्ट सोडणं. खूण केली नाही तर चाकाची दिशा हातची गेली. त्यानंतर वरचं झाकण आणि रबरी बुश. आता पट्टी मोकळी दिसते, पण मोकळी नसते. ती खालच्या एका कडेवर टेकून ताणात उभी असते, आणि त्या कडेवरून ती सोडवायची म्हणजे पिळलेला बार एकदम उलगडणार. मेस्तांनी पट्टीखाली जॅक दिला, जॅकला आणि चासीला साखळी गुंडाळली, मला चार पावलं मागे उभं केलं आणि पहारेने पट्टी हळूच बाहेर ओढली. ‘धड्’ करून ती खाली आली. शेजारच्या शेडमधला कुत्रा भुंकायला लागला. मेस्त म्हणाले, टिपरचा पाटा सुटतो तेव्हा याहून वाईट असतं, आणि डाव्या हाताचं वाकडं बोट दाखवलं.

पट्टी सुटल्यावर ती कोणत्या कोनात लोंबते ते मोजून लिहून ठेवायचं. मग दाते सोडवून एक घर फिरवायची. इथे मी दिशा चुकलो. डाव्या बाजूला जे ‘वर’ ते उजव्या बाजूला आरशातलं ‘वर’, आणि दोन्हीकडे मी घड्याळाच्या काट्याच्या एकाच दिशेने फिरवलं. जोडणी करून गाडी खाली सोडली तर एक बाजू बसलेली आणि दुसरी कुत्र्याने पाय वर करावा तशी. मेस्तांनी काही म्हटलं नाही. चहा मागवला. पुन्हा सगळं उघडलं.

रबरी बुश बसत नव्हते. तेल लावायचं नाही, रबर फुगतं. पावडर लावायची. घरून आईचा टाल्कम पावडरचा डबा आणला. त्या संध्याकाळी शेडमध्ये डिझेल, जुनं ग्रीस आणि चंदनाचा वास असा काही मिसळला होता की मेस्तांच्या बायकोने येऊन विचारलं, कुणाचं लग्न आहे?

पट्टी परत कडेवर चढवायला पुन्हा तोच जॅक, तीच साखळी. मग झाकण, बोल्ट, खुणेवर खूण जुळवून आर्म, शॉकअब, चाक. गाडी खाली सोडली, दोनतीनदा पुढेमागे ढकलली, मागून बघितलं. सुरेख. खरंच सुरेख. माझ्या मनातला फोटो समोर उभा होता.

पहिल्या सकाळी शाळेत पोरांनी विचारलं, ‘सर, उंडो दाबला काय?’ वाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने थांबवून सांगितलं की तुझ्या गाडीचे पाटे मोडलेत, आजच बघून घे, रात्री फिरवू नको. आठवडाभर हेच. खाली आणलेली गाडी आणि मोडलेली गाडी यांतला फरक फक्त मालकाला दिसतो.

रविवारी बायको, मुलगी आणि मामांना घेऊन पणजीला निघालो. मुद्दाम सुकतीची वेळ साधून, चोडणवरून. वही डॅशबोर्डवर होती. फेरीत चढताना काही झालं नाही, पुढचा बंपर बराच उंच आहे. रायबंदरला फळी खाली पडली, पुढची दोन वाहनं गेली, मी पहिला गिअर टाकून निघालो. पुढची चाकं चढावर लागली, गाडीने नाक उचललं, आणि मागून खरर्र असा लांबलचक आवाज आला. गाडी थांबली. मफलर फळीवर टेकला होता. मागे दहाबारा स्कूटर, एक भाजीची रिक्षा आणि फेरीवरचा तो माणूस, ज्याने मला पूल बांधणार काय असं विचारलं होतं.

‘पाटे मोडले कितें?’ तो म्हणाला.

सगळ्यांना उतरवलं. मामा सर्वांत शेवटी उतरले, हळूहळू, काठी टेकत, म्हणजे सर्वांना नीट पाहता यावं. तिघांचं वजन गेल्यावर गाडी बोटभर वर आली आणि मफलर घासत का होईना, निघाली. धक्क्यावर मामांनी गाडीत बसताना एवढंच विचारलं, ‘मास्तर, किती अंश म्हणालास?’

घरी येऊन गाडीखाली फूटपट्टी घातली. मफलर जमिनीपासून 21 नव्हे, साडेअठरा. मागच्या चाकापाशी गाडी बरोबर 6 सेंटिमीटर खाली आली होती, मग मफलर साडेआठ कसा आला? रात्री अकरा वाजता लक्षात आलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. गाडी सरळ खाली येत नाही. ती पुढच्या चाकांभोवती फिरते, दरवाजा बिजागरीवर फिरतो तशी. मागचं चाक बिजागरीपासून 240 सेंटिमीटरवर, मफलर त्याच्या आणखी 95 मागे, म्हणजे 335 वर. चाकापाशी गाडी 6 खाली गेली तर मफलर 6 गुणिले 335 भागिले 240. आठ पूर्णांक चार. समरूप त्रिकोण. मी ते दरवर्षी शिकवतो, आणि माझी वही त्यांच्या आकृत्यांनी भरलेली आहे. साडेअठरा भागिले 95 म्हणजे 11 अंश, आणि त्यात तीन माणसांचं वजन.

पुन्हा मेस्तांकडे. या वेळी मागची बाजू थोडीच वर घ्यायची होती, एका दात्याच्या 60 मधून 18 मिलिमीटर परत. एक दाता म्हणजे 60, अर्धा दाता नसतो. इथे त्या 40 आणि 44 ची गंमत आहे. आतलं टोक एका दिशेला एक घर सरकवलं आणि बाहेरचं उलट दिशेला एक घर, तर फरक 9 वजा 8 पूर्णांक 18, म्हणजे अंशाच्या चार पंचमांशाहून थोडा जास्त. आमच्या गाडीवर तो 6 मिलिमीटर भरतो. दोन्ही टोकांचे दाते वेगळ्या संख्येचे ठेवण्यामागचं कारणच हे. घड्याळजीच्या हातात शोभेल अशी बारीक जुळवणी, आणि ती दिली आहे नारळ वाहणाऱ्या गाडीला. मूळ उंचीपासून 42 मिलिमीटर हवे होते, म्हणजे 6 चे 7 भाग. आतून सात घरं, बाहेरून उलटी सात घरं. 63 अंश वजा 57 पूर्णांक 27.

मेस्तांनी हिशेब तीनदा विचारला. मग बार बाहेर काढून त्याच्या तोंडावर आणि पट्टीवर पांढऱ्या रंगाने ठिपके काढले आणि मोठ्याने मोजत घरं फिरवली. या वेळी डाव्या-उजव्या दिशा मी त्यांच्याकडेच सोडल्या. एक दिवस डाव्या बाजूला, एक दिवस उजव्या.

अलाइनमेंटच्या दुकानात यंत्राच्या यादीत ही गाडी नव्हती. मुलगा म्हणाला, जवळपासची दुसरी कुठलीतरी टाकतो. मी गाडी घेऊन परत आलो. शेडमध्ये दोन दोऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर ताणल्या, चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजलं, टाय रॉड फिरवत पुढचा टो, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा किती आत-बाहेर वळल्यात ते, जुळवला. मागची बाजू खाली आल्यावर चाकं वरून आत झुकतात, हा या रचनेचा स्वभाव. पट्टी आणि आर्म जिथे जुळतात तिथली भोकं लांबट असतात, तेवढ्या जागेत मागचा टो जुळतो, झुकाव थोडा उरतोच. तो उरला. टायर आतून लवकर झिजतील, दर सहा महिन्यांनी अदलाबदल करायची. पुढे बॉल जॉइंटचा बुश या वेळी खाच पुढे ठेवून.

गाडी आता सरळ जाते. मांडवीच्या पुलावर वारा अजून लागतो, पण पूर्वीसारखा दंडात भरत नाही.

पुढच्या अमावास्येच्या सुकतीला पुन्हा गेलो. तेच चौघं, तीच जागा. मफलर आता 21 सेंटिमीटरवर, माझ्या वहीतल्या चौकटीतल्या उत्तराएवढाच. फळी पडली, पुढची चाकं चढली, नाक उचललं. मुलगी मागच्या काचेला नाक लावून ओरडत होती, ‘बोटभर आहे बाबा, बोटभर आहे!’ गाडी वर आली. फेरीवाला माणूस काही बोलला नाही, पुढच्या स्कूटरला हात दाखवला.

मागची बाजू आधीच 15 मिलिमीटर बसलेली, त्यात 42, म्हणजे 57. पुढचे 63. नाक अजून 6 मिलिमीटर खाली आहे. अजून एक घर, मेस्त म्हणतात, एका दिवसाचं काम. जुने स्पिंडल ग्रीस फासून, वर्तमानपत्रात गुंडाळून मामांच्या खाटेखाली ठेवलेत. ते रात्री पायाने चाचपून बघतात, आहेत ना.